मोरीच्या तोंडाशी निर्गुडी

"घरमा बायंतीन कोन शे व?" मायनं विचारलं, आणि माझ्या हातातला ओला टॉवेल तारेवर पडायचा तो मातीत पडला. बाळंतीण! या घरात! मी साठी ओलांडलेली, नवरा कुंदन एसटीतून निवृत्त होऊन गुडघ्यांना तेल चोळत बसलेला, आणि माय, जिचं वय तिला स्वतःलाही ठाऊक नाही. आमच्या तिघांत बाळंत होण्याजोगं कोणी असलंच तर ती शेजारची मांजर, आणि तीही कालपरवापासून दिसली नव्हती. मला हसू यायला हवं होतं. पण तेवढ्यात माय कुठं उभी आहे ते मला दिसलं. मागच्या दाराच्या दोन पायऱ्या ती आजवर कधी उतरली नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या धाकट्या भावानं, रोहिदासनं तिला जळगावला आणून सोडलं, तेव्हापासून पुढची खोली आणि पुढचा ओटा एवढंच तिचं जग. आज कुणाचा हात न धरता ती परसात उतरली होती आणि मोरीच्या तोंडाशी, जिथं सांडपाणी बाहेर पडतं तिथं, माझ्या निर्गुडीची एक फांदी धरून उभी होती. पाला चुरगाळून तिनं नाकाशी नेला. मग त्या फांदीवरून तिची नजर माझ्यावर आली, आणि डोक्यापासून पायापर्यंत ती मला पाहू लागली. ही नजर मला लहानपणापासून माहीत आहे. आमच्या पाड्यावर माय सुईण होती.

"कोणी नाही माय," मी म्हणाले.

"मंग हाई निगडी आठे कोनी लाई?"

"मी लावली."

"तू लाई?" ती थांबली. मग आवाज एकदम खाली आणून, कुणी ऐकू नये अशा बेतानं तिनं विचारलं, "आनि तुले कोनी न्हाऊ नही घालं?"

मी टॉवेल उचलला, झटकला, पुन्हा पिळला. तो पिळायची काही गरज नव्हती. तिच्या प्रश्नाचा अर्थ मला पुरता कळला होता. जळगावात दुसऱ्या कुणाला तो कळला नसता. शेजारणीनं ते झुडूप पाहून 'जांभळी फुलं छान आहेत हो' एवढंच म्हटलं होतं. पण मायच्या दृष्टीनं मोरीच्या तोंडाशी निर्गुडी असणं म्हणजे दाराला तोरण असण्याइतकी स्पष्ट गोष्ट होती. शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचा पाडा आहे. तिथं घर बाळंत झालं की माय नाल्यावरून निगडीच्या, म्हणजे निर्गुडीच्याच, फांद्या मोडून आणायची, पाला ओरबाडून हंड्यात उकळायची आणि त्या पाण्यानं बाळंतिणीला न्हाऊ घालायची. पाला ओरबाडल्यावर उरलेल्या काड्या फेकायच्या नाहीत. त्या न्हाणीचं पाणी जिथं वाहून जातं त्या ओल्या जागी खोचायच्या. निगडी मोठी चिवट. ओल मिळाली की काडी रुजते, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत कमरेला लागते. त्यामुळं पाड्यावरच्या प्रत्येक घरामागं, जितकी बाळंतपणं तितक्या निगड्या उभ्या असायच्या. नवा पाहुणा मागच्या वाटेनं आला तर घरात शिरण्याआधीच त्याला अंदाज यायचा. आमच्या घरामागं माझी होती आणि रोहिदासची होती. रोहिदासची लहान असतानाच बैलगाडीच्या चाकाखाली आली आणि वाकडी वाढली, आणि पुढं रोहिदासनं कुठलाही हट्ट धरला की आबा म्हणायचे, याची निगडीच वाकडी, हा सरळ कसा येणार. आबा म्हणजे आमचे वडील, तेरसिंग. ते स्वतःही काही फार सरळ नव्हते.

आज इतक्या वर्षांनी तो वास आठवायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. कडवट, थोडा कापरासारखा, आणि त्यात लाकडाच्या धुराचा वास मिसळलेला. कुडाच्या फटीला डोळा लावून मी उभी असायची. आत वाफेत एका बाईची उघडी पाठ दिसायची, त्या पाठीवर मायचा पसरलेला हात, आणि तांब्यातून पडणारं तांबूस-हिरवं पाणी. बाई कण्हायची. पण ते कण्हणं दुखण्याचं नसे, दिवसभर निंदणी करून घरी आल्यावर खाटेवर अंग टाकताना माणूस कण्हतो तसं ते असे. आणि माय, जी एरवी आमच्याशी दोन शब्द धड बोलायची नाही, ती त्या बाईशी सारखं काहीतरी बोलत असायची. काय बोलायची ते ऐकू यायचं नाही. मला त्या बायांचा हेवा वाटायचा. त्यांच्या पोरांचा नाही, त्या पाठीवरच्या हाताचा. मला वाटायचं, आपलीही पाळी येईल, तेव्हा माय माझ्याशी काय बोलते ते कळेल. लहान मुलं काय काय ठरवून ठेवतात!

पुढं मी शिकले, धुळ्याला नर्सिंग केलं आणि जळगावच्या सरकारी दवाखान्यात लागले. नोकरीचा निम्म्याहून जास्त काळ लेबर रूममध्ये गेला. माय पाड्यावर जे चुलीच्या उजेडात करायची ते मी ट्यूबलाइटखाली करत होते, आणि आम्हा दोघींना एकमेकींच्या कामाबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. ती म्हणायची, तुमच्या बाया पलंगावर उताण्या पडून कशा काय बाळंत होतात. मी म्हणायची, हात साबणानं धुतेस ना गं. एवढाच आमचा संवाद. तोही प्रेमाचाच होता, असं आता वाटतं. तेव्हा मात्र मला ती अडाणी वाटायची आणि तिला मी शिष्ट.

आता ती इथं होती आणि मला ती इथंच हवी होती. हे मी कुंदनलाही नीट सांगितलं नव्हतं. तोंडावर मी त्यांना अहो म्हणते, मनात नुसता कुंदन. रोहिदासचं घर पाडून पक्कं बांधायला काढलं तेव्हा, स्लॅब पडेपर्यंत म्हणून त्यानं मायला आणलं होतं. पहिल्या दिवसापासून ती विचारत होती, "मी घर कव्हय जासू?" सकाळी चहा पुढं ठेवला की विचारायची, जेवताना विचारायची, ओट्यावर बसून रस्त्यानं जाणाऱ्या भाजीवाल्याला विचारायची. बाथरूमला ती डबी म्हणायची. या डबीत माणूस आंघोळ कशी करतो, असं म्हणून दोन तांबे अंगावर ओतून बाहेर यायची. आधीचं सगळं तिला लख्ख आठवायचं, पण काल काय झालं ते हातातून निसटायचं. आबा जाऊन किती वर्षं झाली, पण संध्याकाळी ती त्यांची भाकर झाकून ठेवायला सांगायची. आणि रोहिदासचा फोन आला की मला धडकी भरायची. घर झालं होतं. होळीला माय पाड्यावर पाहिजे, असं तो म्हणत होता. होळीच्या आधी न्यायला येतो, अक्का. मी बरं म्हणायची आणि फोन ठेवून भांडी आपटायची. तिनं जाऊ नये असं मला वाटत होतं. पण ती इथं रमलीच नाही तर कोणत्या तोंडानं ठेवून घेणार?

निर्गुडी लावायचं डोक्यात आलं ते त्यामुळंच. मनात म्हटलं, तिच्या गुडघ्यांसाठी पाल्याचं गरम पाणी होईल, वासानं तिला बरं वाटेल, घरासारखं वाटेल. ओळखीच्या नर्सरीतून रोप आणलं. नर्सरीवाला हसला, म्हणाला, सिस्टर, हे तर नाल्यावर फुकट मिळतं, लोक गुलाब नेतात. म्हटलं, असू दे, तुम्ही पिशवीत भरून द्या. आणि मग झालेली सगळी फजिती कुंदन अजून पाहुण्यांना रंगवून सांगतो. आधी मी ते पुढं, तुळशीजवळ, छान मुरूम घालून लावलं. जळगावचं ऊन! दोन दिवसांत पानं खाली गेली. मग मी त्याला सकाळ-संध्याकाळ बादलीनं पाणी घालायला लागले, तर ते पिवळं पडलं. कुंदन म्हणाला, "ते झाड आहे की तुझा पेशंट? सलाईन लाव आता." मग लक्षात आलं की त्याला पाण्याचा मारा नको, ओल हवी. पायाशी सतत गारवा, वर मोकळं ऊन आणि खालची माती भुसभुशीत, म्हणजे पाणी येतं आणि निघूनही जातं. नाल्याच्या काठी असतं तसं. आमच्या परसात अशी एकच जागा होती. मोरीचं तोंड.

मी फावडं घेऊन तिथं गेले. साबणाच्या पाण्यानं माती चिकट, काळी झाली होती. ती उकरून काढली, वाळू आणि शेणखत मिसळलं, आणि मोरीपासून वितीभर लांब एक खड्डा केला. पाणी तुंबून राहू नये म्हणून कुंपणापर्यंत एक बारीक पाट ओढला. एवढं सगळं झालं आणि रोप हातात घेतल्यावर माझा हात थांबला. ही जागा कशाची आहे ते मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? माहीत होतं. घामानं डोळे चुरचुरत होते. म्हटलं, काहीतरीच. इथं पाणी आहे म्हणून लावायचं, बाकी काय. आणि लावलं. पावसाळ्यात त्यानं असं काही अंग धरलं की बघत राहावं. शेंडे खुडले तशा बाजूनं फांद्या फुटल्या, एका पानाला पाच बोटं, खालून पांढरट. थंडीत छातीला लागलं आणि निळसर-जांभळे तुरे आले. मधमाश्या यायला लागल्या. पण पाला मी अजून तोडला नव्हता. पहिली फुलं येऊन जाऊ द्यावीत, मग तोडावा, असं आमच्याकडं म्हणतात, आणि मी, जन्मभर औषधाच्या गोळ्या वाटलेली बाई, त्या म्हणण्याला धरून बसले होते. खरं म्हणजे मला तो तोडायची भीती वाटत होती.

आमचं लग्न होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. दिवस भरत आले होते, मी ड्युटी करत होते, आणि एका दुपारी मला जाणवलं की आत हालचाल नाही. माझ्याच लेबर रूममध्ये, माझ्याच मैत्रिणींनी मला टेबलावर घेतलं. पोट उघडावं लागलं. शुद्धीवर आले तेव्हा सगळ्या माझ्याकडं पाठ करून काही ना काही आवरत होत्या. मीही कितीदा अशी पाठ केली होती, त्यामुळं मला विचारावं लागलं नाही. मुलगी होती एवढं कळलं. मला दाखवली नाही. आईला दाखवायची नाही अशी तेव्हा रीत होती, आणि ती रीत मी स्वतः इतर बायांच्या बाबतीत पाळली होती. कुंदन आणि त्याचा मोठा भाऊ तिला घेऊन गेले. कुठं, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माय आली. शिरपूरहून एसटीनं आली होती, मांडीवर निगडीचा भारा घेऊन. तिला निरोप पोचला होता तो बाळंतपणाचा, पुढचा नाही. वॉर्डच्या दारात तो भारा घेऊन ती उभी राहिली, आणि माझ्या मैत्रिणीनं तिला बाजूला नेऊन सांगितलं. माय माझ्याजवळ येऊन पांघरूण सारखं करत बसली. पाणी घालायचं तर शक्यच नव्हतं. पोटावर टाके, ते ओले होऊ द्यायचे नाहीत, डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं आणि बरोबरच होतं ते. टाके सुकेपर्यंत माय थांबणार होती. पण पाड्यावर कुणीतरी अडली म्हणून तिला घ्यायला माणूस आला आणि ती गेली. तिला जावंच लागलं. भारा क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात तसाच वाळला. कुंदननं तो पाला झाडून गव्हाच्या कोठीत घातला. गव्हाला कीड लागत नाही म्हणून सगळेच घालतात, त्यानंही घातला. वर्षभर दळण काढताना तो वास माझ्या नाकात जायचा. पुढं मूल झालं नाही. आणि त्या मुलीबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी पुन्हा कधी एक शब्द बोललो नाही. भांडलोही नाही. नुसतं बोललो नाही. घरात एखादी खोली कुलूप लावून ठेवावी आणि तिच्यासमोरून रोज जावं-यावं, तसं.

तर आता परसात माय माझ्याकडं बघत होती आणि मी टॉवेल पिळत होते. तिला सांगायला हवं होतं. माय, हे झाड मी तुझ्या गुडघ्यांसाठी लावलंय. सरळ गोष्ट. पण मी बोलायच्या आत तिनं माझ्या हातातून टॉवेल काढून घेतला, "आते वारामा उभी राहू नको, मझार चाल," असं म्हणून मला दंडाला धरून आत नेलं, आणि त्या क्षणापासून घराचा ताबा तिनं घेतला. कुंदनला तिनं डिंक आणि शेपा आणायला पिटाळलं. मला माठातलं पाणी बंद. माझ्या डोक्याला तिनं रुमाल बांधला. कानात कापूस घातला. कुंदन पिशवी घेऊन दारात उभा राहून मला खुणेनं विचारत होता, काय चाललंय. मी त्याला सांगितलं. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही. "झाड आठ-नऊ महिन्यांचं झालंय, बाळंतपण ताजं कसं असेल, एवढं तरी लक्षात यायला हवं होतं मायच्या," एवढंच तो म्हणाला आणि डिंक आणायला गेला.

त्या दिवसापासून मायनं घरी जायचं विचारणं बंद केलं. एकदाही नाही. सकाळी माझ्याआधी उठायची, मला हाक मारायची, माझी भाकरी मऊ आहे का ते चाचपून बघायची. मी खालून जड बादली उचलली तर ओरडायची. वॉर्डात नातेवाइकांना मी कधी खोटी आशा लावली नव्हती, त्याबद्दल माझी थोडी ख्यातीच होती. सिस्टर तोंडावर सांगतात, असं म्हणायचे. आणि इथं मी कानात कापूस घालून मुकाट बसले होते. एक तर ती राहत होती. मला ती हवी होती आणि ती राहत होती. रोहिदास येईल तेव्हा ती स्वतःच नाही म्हणेल, हे मला दिसत होतं आणि मी ते दिसू देत होते. आणि दुसरं म्हणजे, आता लपवून काय करू, मला ते आवडत होतं. इतक्या वयात कुणीतरी आपल्यावर रागवावं, जेवलीस का विचारावं, पायावर पांघरूण टाकावं. दुपारी पडल्या पडल्या मला वाटायचं, मी खरंच कशातून तरी उठलेय. अंग दुखायचं. पोटावरचा तो जुना व्रण, ज्याकडं मी साबण लावतानाही बघत नसे, तो खाजायला लागला. हे सगळं ठीक नाही असंही वाटायचं. म्हाताऱ्या बाईच्या विसराळूपणाचा आपण फायदा घेतोय, उद्या तिनं पाळणा मागितला तर काय करणार आहेस, असं मी स्वतःला विचारायची आणि कुशीवर वळायची.

एकच गोष्ट राहिली आहे, असं माय रोज म्हणायची. पाणी. घरातल्या डबीत ते होणार नाही, परसातच करायचं, चुलीवर तापवून. मी आज नको, उद्या, असं करत होते.

रोहिदास सकाळी सकाळी आला, जीप घेऊन. आला तोच मोठ्यानं बोलत. नवं घर, नवी फरशी, माय तुझी खाट खिडकीशी ठेवलीय. मायनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, त्याला चहा द्यायला मला न सांगता कुंदनला सांगितलं, आणि निगडीचा पाला ओरबाडायला परसात गेली. तो तिच्यामागं गेला. मी त्याच्यामागं.

"माय, चाल ना. जीप उभी शे."

"मी कशी येऊ?" माय वळलीही नाही. "बायंतीन सोडीसन कोनी जास का?"

"कोनती बायंतीन?"

मायनं माझ्याकडं बोट केलं. रोहिदासनं माझ्याकडं पाहिलं. डोक्याला रुमाल, कानात कापूस, चांगली खाऊनपिऊन जाड झालेली त्याची बहीण. त्याच्या चेहऱ्यावर आधी हसू आलं, मग ते ओशाळलं, मग तो चिडला. वाकडा आहे पण मनाचा वाईट नाही. त्याला वाटलं आपली माय भ्रमिष्ट झाली आणि अक्का तिच्या भ्रमाला खतपाणी घालतेय. त्यानं मायच्या हातातली फांदी धरली.

"माय, देख. अक्काले पोर-बाय नही शे. या घरमा पोर व्हतंच कव्हय? अक्का, तू तरी सांग तिले."

माय थांबली. ओरबाडलेला पाला तिच्या पदरात होता. ती माझ्याकडं बघायला लागली, आणि तिच्या डोळ्यांत मला दिसलं की तिची खात्री हलतेय. आता मी फक्त 'हो माय, तो खरं सांगतोय' म्हटलं असतं की संपलं असतं. पदर झटकून ती जीपमध्ये जाऊन बसली असती, आणि आपण काय वेड्यासारखं करत होतो या शरमेनं तिनं नंतर मला तोंड दाखवलं नसतं. आणि 'तो खोटं बोलतोय' म्हणणं मला जमत नव्हतं. जन्मात जमलं नव्हतं. मागच्या दारात कुंदन चहाचा कप घेऊन उभा होता. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की माय चुकलेली नाही. काळ चुकलाय तिचा, घरही दुसरं आहे, पण ती चुकलेली नाही. मी बाळंत झाले होते. मला पाणी घातलं नव्हतं. काडी लावायची राहून गेली होती. या सगळ्यात खोटं काय होतं?

"व्हतं, रोहिदास," मी म्हणाले. शहरात आल्यापासून अहिराणी माझ्या जिभेवर यायची नाही, ती आपोआप आली. "माले पोर व्हयेल व्हती. तू लहान व्हता. मनी पोर व्हती."

कुंदननं कप पायरीवर ठेवला, तो कलंडला आणि चहा सांडला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. रोहिदासनं फांदी सोडली. त्याला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. तो कुंपणाशी गेला आणि तिथं पडलेली वाळकी लाकडं गोळा करायला लागला. तीन विटांची चूल त्यानंच मांडली. हंडा कुंदननं आणला. मायनं तारेवरची दोन लुगडी ओढून आडोसा केला. "सव्वा महिना व्हऊ दे," ती रोहिदासला म्हणाली, "मंग ये." तो बरं म्हणाला. लहानपणी म्हणायचा तसं, मान खाली घालून. मग तो पुढं जाऊन जीपमध्ये बसला.

मी दगडावर बसले. पाठ उघडी करताना मला लाज वाटली, माझ्या वयाची, माझ्या चरबीची. मायनं त्यातलं काही पाहिलंच नाही. पहिला तांब्या पाठीवर आला तेव्हा मी दचकले, इतकं ते कढत होतं, आणि मग तिचा हात आला. किती खरखरीत हात! तो मानेपासून खाली गेला, कमरेवर थांबला, दाबून पुन्हा वर आला. वाफेत तो वास उठला. माझ्या घशातून आवाज निघाला आणि तो माझा आहे हे मला उशिरा कळलं. माय बोलत होती. फार काही नाही. झालं व, झालं माय, झालं आते, सुटनी तू, झालं. एवढंच ती बोलायची त्या बायांशी. एवढंच. मी रडत होते, आणि पाणी सारखं ओतलं जात होतं त्यामुळं रडण्याला काही वेगळी जागा नव्हती. पोटावरच्या व्रणापाशी तिचा हात आला. तिनं तो बोटांनी एकदा तपासला, आणि तिथं जपून, थेंब थेंब पाणी घातलं.

"पोऱ्या का पोर?" तिनं विचारलं.

"पोर."

"नाव काय ठेवं?"

नाव नव्हतं. नाव ठेवायची वेळच आली नव्हती, आणि मनातल्या मनातही मी ते कधी ठेवलं नव्हतं, ठेवायचं धाडस झालं नव्हतं. मायचा हात पाठीवर थांबला, उत्तराची वाट पाहत. काहीतरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"हेमलता," लुगड्याच्या पलीकडून कुंदन म्हणाला.

तो इतका जवळ उभा आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्याला ते नाव सुचवावं लागलं नव्हतं, शोधावं लागलं नव्हतं. रोज हाक मारतो त्या माणसाचं नाव सांगावं तसं त्यानं सांगितलं. त्यानं तिला पाहिलं होतं. त्यानं तिला हातांत घेऊन नेलं होतं. इतकी वर्षं ते नाव त्याच्याजवळ होतं.

"चांगलं नाव शे," माय म्हणाली, आणि तिनं पुढचा तांब्या ओतला.